माथ्यावरचा मुरूम, काठावरची काळी : जालना जिल्ह्यातील सायकलवाटांचा आढावा

जालना म्हटले की लोखंडी सळया, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी आणि अलीकडे समृद्धी महामार्ग आठवतो. डोंगर कोणाला आठवत नाही. जिल्ह्याच्या उत्तर कडेने अजिंठ्याची रांग जाते, मधून तिचाच एक फाटा पूर्वेकडे सरकतो आणि दक्षिणेला अंबडच्या टेकड्या गोदावरीकडे उतरत जातात, हे जालनेकरांनाही सांगावे लागते. डांबरी रस्ता सोडून खडी-मुरमाच्या वाटांवर दूरचा पल्ला मारण्याचा सायकलचा प्रकार, ज्याला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात, त्यासाठी मराठवाड्यात जागा शोधायची झाली तर या जिल्ह्याचे नाव वरच्या ओळीत येते. वाटा आहेत, उतार झेपणारे आहेत, दर चार-सहा किलोमीटरला गाव आहे आणि त्या गावांपैकी काहींना दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. कोणत्या वाटा, कोणत्या ऋतूत, वाटेत काय आणि अडचण कुठे, हे पाहताना आणखी एक प्रश्न सोडता येत नाही. या वाटा अजून दहा वर्षांनी अशाच राहतील का, आणि राहाव्यात असे कोणी म्हणावे?

छंदाची कुंडली

ग्रॅव्हल सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी असते. हँडल तसेच खाली वळलेले, फ्रेम हलकी. फरक टायरचा. शर्यतीच्या सायकलला पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर असतात, हिला चाळीस किंवा त्याहून रुंद. हवा कमी भरायची, म्हणजे टायर दगडावर आपटत नाही, दबून पुढे जातो. ब्रेक डिस्कचे असतात, कारण चिखल आणि धूळ रिमवरच्या ब्रेकला जुमानत नाहीत. माउंटन बाइकसारखे जाड शॉकअप नसल्याने सपाटीवर वेग टिकतो.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाभोवतीच्या माळरानावर 2006 साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली. आज ती 'अनबाउंड ग्रॅव्हल' या नावाने ओळखली जाते आणि जगभरचे सायकलपटू तिथे जातात. 2022 पासून जागतिक सायकल महासंघ या प्रकाराची अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा घेतो. पहिली इटलीत झाली. पण आपल्या दृष्टीने जास्त कामाची गोष्ट इटलीतल्याच टस्कनीची आहे. तिथले पांढऱ्या मातीचे ग्रामीण रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा 1997 साली काही सायकलप्रेमींनी 'लेरोइका' नावाची फेरी सुरू केली. जुन्या सायकली, जुने कपडे आणि कच्चे रस्ते. उद्देश रस्ते वाचवण्याचा होता. दहा वर्षांत त्याच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यत भरू लागली आणि ते रस्ते त्या भागाचे वैभव ठरले. टस्कनीचा हा दाखला जालन्याला किती लागू पडतो, ते शेवटी पाहू.

तीन धारा, दोन माती

जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके. सायकलस्वाराने मात्र तालुके विसरून पाणी कुठे वाहते ते पाहावे. उत्तरेला पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या केळना, जुई, गिरजा या नद्या. मधल्या डोंगरफाट्याच्या दक्षिणेला दुधना आणि तिला मिळणारी जालना शहरातली कुंडलिका. सर्वांत खाली, जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरी. दोन नद्यांमधली उंच धार म्हणजे माथा. माथ्यावर माती पातळ, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. नदीकाठी मात्र काळी कसदार जमीन, काही ठिकाणी पुरुषभर खोल.

सगळा खेळ या दोन मातींचा आहे. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. एक चांगला पाऊस झाला की काळीतली वाट सायकलला दोन-तीन दिवस बंद. चिखल टायरला लागतो, टायरचा चिखल फ्रेमला लागतो, आणि पन्नास पावलांत चाक फिरेनासे होते. मग सायकल खांद्यावर. मुरमाच्या माथ्यावर तोच पाऊस दोन-तीन तासांत निथळून जातो आणि वाट उलट अधिक घट्ट होते. उन्हाळ्यात हिशेब पुन्हा वेगळा. काळी भेगाळते, बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात आणि पुढचे चाक त्यात अडकले की माणूस आडवा.

त्यामुळे जिल्ह्यातल्या वाटांचे पहिले वर्गीकरण ऋतूप्रमाणेच करायला हवे. पावसाळ्यात माथा, हिवाळ्यात काठ. जुलै ते सप्टेंबर भोकरदनचा डोंगरपट्टा आणि राजूर-जालन्याच्या टेकड्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असईचे खोरे, गोदाकाठ आणि कालव्याचे रस्ते. होळीनंतर सकाळी दहाच्या आत घरी परतता येईल तेवढेच अंतर, कारण पारा चाळिशी ओलांडतो आणि माथ्यावर सावली नसते.

उत्तरेची वाट : भोकरदन, अन्वा, जाळीचा देव

उत्तरपट्ट्याचे केंद्र भोकरदन. आज तालुक्याचे साधे गाव, पण प्राचीन भोगवर्धन हेच. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी गावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धन आहे. प्रतिष्ठानहून, म्हणजे पैठणहून, अजिंठ्याची रांग ओलांडून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर ते होते. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या वस्तूंमध्ये हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग आहे. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली होती. केळनेच्या काठचे कारागीर आणि भूमध्य समुद्राकाठची बाजारपेठ एका साखळीत होती, याचा तो पुरावा. नदीकाठी खडकात खोदलेली वैष्णव लेणीही आहेत आणि ती गावातच असल्याने प्रवास सुरू करण्याआधी पाहून होतात.

भोकरदनहून वायव्येला अन्वा. या गावातले बाराव्या शतकातले दगडी मंदिर, गावकऱ्यांच्या भाषेत मढ, हे जिल्ह्यातले सर्वांत देखणे जुने बांधकाम. आज आत महादेव आहे, पण बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे वैष्णव आहेत. विष्णूची आयुधे हाती घेतलेल्या शक्तींच्या मूर्ती इथे ओळीने उभ्या आहेत आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक त्यासाठीच इथवर येतात. अजिंठा लेणी इथून जवळ, पण तिकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या अन्व्याकडे क्वचितच वळतात.

अन्व्याहून पूर्वेला, डोंगराच्या कडेकडेने, सायकलची खरी वाट सुरू होते. पारध, वालसावंगी, धावडा ही गावे रांगेच्या पायथ्या-माथ्याशी आहेत. त्यांना जोडणारे डांबरी रस्ते आहेतच, पण त्यांना समांतर, शिवेशिवेने जाणाऱ्या मुरमाच्या वाटाही आहेत. चढ अंगावर येणारे नाहीत. छोटे छोटे उंचवटे एकामागून एक येतात आणि दिवसअखेर त्यांची बेरीज पायांना कळते. पारधला रायघोळ नदी आणि पराशर ऋषींचे देवस्थान. पुढे अजिंठा-बुलढाणा रस्त्यालगत, झाडीत, जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे तीर्थ. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत मानलेल्या या ठिकाणी देशभरचे महानुभाव अनुयायी येतात. झाडीचा भाग वनखात्याच्या हद्दीत येतो, तिथे चालू रस्ता सोडून आत सायकल घालू नये.

परतीच्या वाटेवर पिंपळगाव रेणुकाई. पावसाळ्याच्या दिवसांत इथे हिरव्या मिरचीचा बाजार भरतो. दुपार कलू लागली की छोटे टेम्पो, मोटारसायकलींवर आडव्या टाकलेल्या गोण्या, बैलगाड्या अशी मिरची येऊ लागते. ताडपत्रीवर ढीग पडतात, व्यापारी मूठभर उचलून देठ पाहतो, एक मोडून हुंगतो आणि भाव बोलतो. बोली झाली की माल पुन्हा गोण्यांत, गोण्या ट्रकमध्ये आणि ट्रक परराज्याच्या वाटेला. बाजारातून सायकल हातात धरून चालत जावे लागते आणि गाव सुटेपर्यंत डोळे चुरचुरतात. मात्र दिवसभर ज्या वाटांनी आपण आलो त्या वाटा कशासाठी आहेत, ते इथे उभे राहिल्यावर नीट कळते.

असईची वाट

दुसरी वाट इतिहासाने आखून दिली आहे. 21 सप्टेंबर 1803 रोजी बदनापूरजवळ आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन या दोन इंग्रज सेनानींनी ठरवले की मधल्या डोंगरांना वळसा घालून दोघांनी दोन वाटांनी भोकरदनकडे जायचे आणि 24 तारखेला एकत्र येऊन शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून जायचे. स्टीव्हन्सन पश्चिमेने गेला, वेलस्ली पूर्वेने. 23 तारखेला सकाळी साधारण 14 मैल चालून वेलस्लीची फौज नळणीला पोचली, तेव्हा हेरांनी सांगितले की मराठी फौज वाटली होती त्यापेक्षा फार जवळ आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी लढायचे ठरवले.

मराठी फौज केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, केळनेच्या पलीकडे होती. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वाटाड्यांनी सांगितले की खाली दुसरा उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून पिंपळगाव (रेणुकाईचे नव्हे, दुसरे) आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांना, अगदी समोरासमोर दिसली. इतक्या जवळची दोन गावे एकमेकांकडे जा-ये केल्याशिवाय राहत नसणार, म्हणजे इथे पायउतार असणारच, असा त्याने तर्क केला. तर्क खरा निघाला. फौज पलीकडे गेली आणि असईच्या शिवारात जी लढाई झाली तीत इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली, जखमी झाली. शिंद्यांच्या पलटणी हानोवरच्या पोलमन नावाच्या सरदाराच्या हाताखाली कवायती पद्धतीने लढल्या आणि त्यांच्या तोफखान्याने इंग्रजांचा मोठा संहार केला. तरी शेवटी तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

लढाईच्या राजकारणात इथे शिरायचे कारण नाही. सायकलस्वाराला त्यातला तर्क उपयोगी आहे. समोरासमोर दोन गावे असली की मधे वाट असते, मग ती मोबाइलच्या नकाशावर असो वा नसो. बदनापूरहून निघून मधली टेकड्यांची धार ओलांडायची, नळणी गाठायची, तिथून केळनेच्या काठाने पिंपळगाव-वरूड आणि असई, आणि मुक्कामाला भोकरदन किंवा जाफ्राबाद, असा हा दोन दिवसांचा प्रवास होतो. जाफ्राबाद केळना आणि पूर्णेच्या संगमावर आहे. वेलस्लीने ही वाट पावसाळ्याच्या शेवटी तुडवली, पण आपण तसे करू नये. खोरे सगळे काळीचे आहे. डिसेंबरात नदीला पाणी घोट्याएवढे उरते, कापसाच्या वेचण्या चालू असतात, हरभरा टचटचीत असतो आणि वाट कोरडी असते.

मधली धार आणि दक्षिण

जालना शहरात राहणाऱ्याला रोजची फेरी हवी असेल तर मधला डोंगरफाटा सर्वांत सोयीचा. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव, ज्याचे पाणी वर्षानुवर्षे शहर प्यायले, तिथवर सकाळी जाऊन परत येणे नवशिक्याला झेपते. त्यापुढचा टप्पा राजूर. टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीला अंगारकीच्या आदल्या रात्री हजारो माणसे जालन्याहून पायी जातात. त्या दिवशी सायकल घेऊन जाऊ नये, इतर कोणत्याही दिवशी जावे. बदनापूरकडून यायचे तर सोमठाण्याची रेणुकामाता आणि अप्पर दुधना धरण यांना वळसा घालून शेतवाटांनी फिरता येते. जालना तालुक्यातले कडवंची गाव शेततळी आणि द्राक्षबागांसाठी राज्यभर माहीत आहे. 1996 च्या सुमारास सुरू झालेल्या पाणलोटाच्या कामाने ते बदलले. बांधबंदिस्ती, नाले आणि तळी यांच्या कडेने तयार झालेल्या वाटा सायकलला उत्तम, शिवाय डोळ्यांपुढे एका गावाच्या पाण्याचा हिशेब उलगडत जातो.

दक्षिणेचे दार अंबड. टेकडीवरची मत्स्योदरी देवी, खाली गावातल्या जुन्या बारवा आणि देवळे. हा परगणा होळकरांकडे होता, त्यामुळे इथल्या जुन्या बांधकामांबद्दल विचारले की अहिल्याबाईंचे नाव निघतेच. अंबड तालुक्यात रोहिलागडच्या टेकडीत कोरलेली लेणी आहेत. टेकड्यांचा हा पट्टा पावसाळ्यातही चालतो.

घनसावंगी तालुक्यात उतरले की जमीन सपाट होते, ऊस दिसू लागतो आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे जाळे लागते. मुख्य कालव्याच्या भरावावर पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी केलेली वाट असते. ती मैलोन्‌मैल जवळजवळ समपातळीत जाते. चढ नाही, वाहने नाहीत, एका हाताला पाणी. रस्ता खात्याचा असल्याने स्थानिक कर्मचाऱ्याला विचारून जावे, रात्री जाऊ नये, आणि आवर्तन चालू असताना कडेला जाऊ नये. या भागातले महत्त्वाचे गाव जांब समर्थ, 1608 साली रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म झाला ते. 2022 साली इथल्या मंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या आणि काही आठवड्यांत त्या परत मिळाल्या, तेव्हा या लहान गावाचे नाव राज्यभर गाजले. परतूर आणि मंठा हे पूर्वेचे तालुके सायकलच्या दृष्टीने अजून कोरेच आहेत. बंजारा तांड्यांना जोडणाऱ्या वाटा तिथे भरपूर आहेत. मंठ्याहून पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणार, आणि जालन्याहून सरळ पूर्वेला गेले की जिजाऊंचे सिंदखेडराजा. दोन्ही गावे बुलढाणा जिल्ह्यात, पण वाट जालन्यातून.

समृद्धी महामार्गाबद्दल एक सूचना. त्यावर सायकलला बंदी आहे, ते ठीकच आहे. पण त्याच्या भरावाने कित्येक जुने शिवरस्ते मधोमध तोडले. नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात भिंतीला जाऊन थडकते आणि पलीकडे जायला बोगदा कुठे आहे ते शोधत दोन-तीन किलोमीटर फिरावे लागते. बदनापूर आणि जालना तालुक्यांत वाट आखताना आधी बोगद्यांच्या जागा बघाव्यात.

काटा

या जिल्ह्यात सायकलस्वाराचा खरा वैरी चढ नाही, काटा आहे. वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून शेताच्या फटीत लावायची रीत सगळीकडे आहे. फांद्या ओढत नेताना वाटेवर काटे सांडतात, वाळतात आणि मातीच्याच रंगाचे होतात. बोटाच्या पेराएवढा काटा रुंद टायरातून सरळ आत जातो. ट्यूब असेल तर तिथेच संपले. ट्यूबलेस टायरात सीलंट घातले असेल तर दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो, फुगा धरतो आणि बंद होतो. अशा वेळी काटा उपसायचा मोह आवरावा. आतच राहू द्यावा, वरून टोक मोडून टाकावे आणि घरी गेल्यावर बघावे. काटा हेच बूच असते. हिवाळ्याच्या तोंडाला त्यात सराट्यांची भर पडते. बांधाच्या कडेने गेले की दोन्ही टायरांना दहा-दहा सराटे चिकटलेले दिसतात. पंक्चरवाला प्रत्येक मोठ्या गावात आहे, पण त्याच्याकडे मोटारसायकलचे सामान असते, सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचे नसते. ट्यूब, पंप आणि ठिगळे जवळ हवीतच.

पाण्याची ददात नाही. कोणत्याही गावात मंदिराच्या ओट्याशी नळ किंवा हापसा असतो, शेतात मोटार चालू असली तर शेतकरी हाताने खूण करून बोलावतो. खायला सकाळी पोहे-भजे, दुपारी फाट्यावरच्या हॉटेलात मिसळ. मुक्काम मात्र अवघड. जालना, अंबड, भोकरदन सोडले तर लॉज क्वचितच, देवस्थानांच्या भक्तनिवासांवर भिस्त. महिला सायकलस्वारांसाठी वाटेत स्वच्छतागृहांची मोठी उणीव आहे. ती जिथे मिळू शकतात ते पेट्रोल पंप मुख्य रस्त्यांवर, आणि आपल्या वाटा तर मुख्य रस्ते टाळणाऱ्या. वस्तीवरची कुत्री पाठलाग करतात. सायकलवरून उतरून चालू लागले की बहुतेक वेळा शांत होतात. आणि प्रत्येक पारावर दोन प्रश्न ठरलेले : 'कितीची आहे हो भाऊ गाडी?' आणि किंमत ऐकून झाल्यावर, 'एवढ्यात मोटारसायकल आली असती की!' यावर आजवर कोणाला चांगले उत्तर सापडलेले नाही.

वाट कोणाची?

आता मूळ प्रश्न. ज्यांना आपण सायकलवाटा म्हणतो त्या कोणाच्या? एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे जुने गाडीमार्ग गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेले असतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, सव्वाआठ फूट. हे सार्वजनिक आहेत, यांवरून जायला कोणाची परवानगी लागत नाही. बांधावरून शेतात जाण्याचा रस्ता मात्र वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 प्रमाणे तहसीलदार असा रस्ता मंजूर करतात, तो शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी. वापरातला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते. अशा बांधरस्त्यावर सायकलस्वाराला हक्क नाही, तिथे तो पाहुणा असतो. शेतात माणूस दिसला तर थांबून रामराम करावा, विचारावे. नकार मिळणे दुर्मीळ.

कागदावर रुंदी एकवीस फूट असली तरी जागेवर ती उरलेली नसते. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने आत सरकतात. काही पिढ्यांत गाडीमार्गाचा पायमार्ग होतो आणि मग नुसताच धुरा. भावकीतल्या भांडणांचे निम्मे मूळ याच रस्त्यांत. 2021 मध्ये राज्याने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली आणि मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी असे ठरले. ही नोंद झाली तर सायकलस्वाराचा फायदा आपोआप होतो, कारण ज्या वाटेची सातबाऱ्यावर नोंद आहे ती सहजी नाहीशी होत नाही.

वाट शोधायची साधनेही यातूनच मिळतात. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा हे पहिले साधन. दुसरे, एप्रिल-मे महिन्यातले उपग्रहचित्र. तेव्हा शेते उघडी असतात आणि वापरातली प्रत्येक वाट पांढऱ्या रेषेसारखी दिसते. पावसाळ्यातल्या चित्रात तीच वाट कापसाखाली गडप. तिसरे साधन गावातला म्हातारा गुराखी. पहिली दोन साधने वाट आहे एवढे सांगतात, ती आज चालू आहे का ते तोच सांगतो.

डांबर, काँक्रीट की मुरूम

इथे टस्कनीचा दाखला अपुरा पडतो. तिथे पांढरे रस्ते वाचवा म्हणणाऱ्यांच्या मागे द्राक्षबागा, वाइन आणि पर्यटनाचा पैसा उभा होता. जालन्यात ऑगस्टमध्ये मिरची बाजारात न्यायची आहे, रात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे आहे, शाळेच्या पोरांना गुडघाभर चिखलातून जायचे आहे. अशा गावाला 'तुमचा कच्चा रस्ता किती सुंदर आहे, तसाच ठेवा' असे सांगणे हा उद्धटपणा झाला. सायकलस्वाराने वर्षातले दहा रविवार यावे आणि गावाने बारा महिने चिखल तुडवावा, हा सौदा कोणी मान्य करणार नाही, करू नये.

पण दोघांचे हित वाटते तितके दूर नाही. काळीतल्या चिखलवाटेवर सायकलही चालत नाही. सायकलला हवी असते ती दोन्ही बाजूंनी नाल्या काढलेली, मधे उंचवटा दिलेली, मुरूम टाकून रोलर फिरवलेली वाट. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरलाही नेमकी तीच लागते. काँक्रीट गावठाणात आणि ओढ्यावरच्या फरशीत शोभते. शिवारभर काँक्रीट ओतले तर खर्च कैक पटींनी वाढतो, योजना निम्म्या रस्त्यांवरच संपते आणि बाजूचे पाणी अडून शेतात तुंबते. मुरूम टाकला आणि नाली राखली नाही, तर दोन पावसाळ्यांत तो काळीत गडप होतो. खरा कमी पडणारा भाग देखभालीचा आहे. रस्ता करायला निधी येतो, नाली साफ करायला येत नाही.

म्हणून या आढाव्याचा निष्कर्ष असा. सायकलसाठी वेगळा रस्ता बांधण्याची जालना जिल्ह्याला गरज नाही आणि तशी मागणी करूही नये. उत्तरेचा भोकरदन-अन्वा-पारध पट्टा पावसाळ्यासाठी आणि बदनापूर-नळणी-असई वाट हिवाळ्यासाठी, या दोन आजही राज्यातल्या कोणत्याही सायकलस्वाराला दाखवाव्यात अशा आहेत. कालव्याची वाट आणि पूर्वेचे तांडे हा पुढचा अभ्यास. सायकल गटांनी करण्याजोगे काम स्पष्ट आहे : गावनकाशा आणि उपग्रहचित्र घेऊन एकेका तालुक्यातल्या चालू शिवरस्त्यांची यादी करावी, कुठे वाट अडली, कुठे नाली बुजली याची नोंद ठेवावी आणि ती ग्रामपंचायतीला द्यावी. ग्रामपंचायतीकडे असा ताजा, जागेवर जाऊन केलेला कागद सहसा नसतो, आणि रस्त्याच्या प्रस्तावाला तोच लागतो. ज्या गटाने ही यादी दिली त्याला गावात पुढच्या वेळी चहा मिळेलच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाट मिळेल, आणि शेतकऱ्याला बाजार.